शिकारीचा हंगाम : बंदुकीचा आणि फासाचा

हरणाच्या शिकारीचा हंगाम कोणत्या महिन्यात उघडतो, परवाना कोठे मिळतो आणि नियम काय असतात, असा प्रश्न वाटूर येथील आमच्या अभ्यासवर्गात एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारला. त्याने कुठल्याशा परदेशी चित्रपटात गळ्यात परवाना अडकवून रानात शिरलेले शिकारी पाहिले होते. वर्गातली काही मुले हसली. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. परतूर-मंठा भागात हरणांचे कळप रोज डोळ्यांसमोर असतात, त्यांनी खाल्लेला हरभरा आपल्या लोकांचा असतो, आणि हरणाच्या नावाखाली तुरुंगात जाणारा माणूसही बहुतेक वेळा आपल्यातलाच किंवा आपल्या शेजारच्या तांड्यावरचा असतो. तेव्हा हा कायदा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी नीट समजून घेतला पाहिजे. मी वकील नाही. तालुक्याच्या कचेऱ्यांत लोकांचे अर्ज लिहून देता देता जे वाचावे लागले, त्याच्या आधारे मांडतो.

प्रथम प्रश्नाचे सरळ उत्तर. भारतात हरणाच्या शिकारीला हंगाम नाही. बारा महिने बंदी आहे. परवाना काढून हौसेने शिकार करण्याची सोय २ ऑक्टोबर १९९१ पासून कायद्यातूनच काढून टाकलेली आहे. कोणी पैसे घेऊन 'पास' काढून देतो म्हणाला तर तो फसवतो आहे असे समजावे.

आता हरीण म्हणजे कोणते, हेही पाहिले पाहिजे. कारण कायद्याला आपला मोघम शब्द चालत नाही. आपण ज्याला हरीण म्हणतो त्यात दोन वेगळी कुळे आहेत. चितळ, सांबर, भेकर हे खरे हरिणकुळातले. त्यांच्या नरांची शिंगे झडतात आणि पुन्हा उगवतात. नवी शिंगे काही काळ मखमलीसारख्या कातड्याने झाकलेली असतात. काळवीट, चिंकारा आणि रोही हे कुरंगकुळातले. त्यांची शिंगे जन्मभराची असतात, झडत नाहीत. जालना जिल्ह्यात दाट जंगल फार थोडे. येथे जे दिसतात ते उघड्या माळावरचे प्राणी, म्हणजे मुख्यतः काळवीट आणि रोही. काळवीट आणि चिंकारा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंगतीला. रोही आणि रानडुक्कर, २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने लावल्यानंतर, दुसऱ्या अनुसूचीत आहेत. हा फरक कागदावरचा वाटतो, पण पकडलेल्या माणसाचा जामीन आणि त्याची शिक्षा त्यावर ठरते.

हंगाम ही कल्पना आली कोठून? माद्या विण्याच्या आणि पिल्ले वाढवण्याच्या काळात शिकार बंद ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी मारायला जनावर उरते. शिकाऱ्याची ही बचतच म्हणायची. अमेरिकेतल्या राज्यांत आजही हरणाचा हंगाम ठरतो, परवाना विकला जातो, एका माणसाने किती नर आणि किती माद्या मारायच्या हे छापून येते. तेथे लांडग्यासारखे भक्षक बहुतेक ठिकाणी संपवले गेले, हरणे बेसुमार झाली, आणि परवान्याच्या पैशावर वन्यजीव खाती चालतात. १९३७ सालापासून बंदुका-काडतुसांवरचा करही या कामाला लावलेला आहे. म्हणजे तेथे शिकारी हा खात्याचा पोशिंदा आहे.

परंतु हंगामाच्या मागे आणखी एक जुना प्रश्न उभा असतो : जनावर कोणाचे? इंग्लंडमध्ये १७२३ साली एक कायदा झाला. तोंडाला काळे फासून राखीव रानात हरीण मारणाऱ्याला फाशी, असा तो कायदा. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने १९७५ साली त्यावर 'व्हिग्ज अँड हंटर्स' हा ग्रंथ लिहिला. ज्यांच्या गावाभोवतीचे रान सरदारांनी आणि राजाने आपल्या करमणुकीसाठी घेरले, ती माणसे तोंड काळे करून रात्री रानात शिरत होती. हा कायदा शंभर वर्षे टिकला. एका हरणासाठी माणूस लटकवावा असे ज्यांना वाटले, ते हरणावर प्रेम करणारे होते असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडचा इतिहासही फार निराळा नाही. मारणारा कोण यावरून त्या मारण्याचे नाव ठरत आले. राजाने मारले की शिकार, सरदाराने मारले की मर्दुमकी, साहेबाने मारले की खेळ, आणि फासेपारध्याने मारले की चोरी. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळवीट धरण्याचा शौक विसाव्या शतकातही चालू होता. त्या चित्त्यांना शिकवणारे हात पारध्यांचेच होते. संस्थानी मुलखात बडी मंडळी शिकारीला निघाली की रान उठवायला, हाकारे घालायला आणि मेलेले जनावर खांद्यावर वाहून आणायला गावकुसाबाहेरची माणसे वेठीला धरली जात. जनावराला त्यांनी उठवायचे, गोळी दुसऱ्याने घालायची आणि भिंतीवर शिंगे तिसऱ्याच्याच लागायची. वाटूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, पुढे परभणी जिल्ह्यात गेले आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाल्यावर या जिल्ह्यात आले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. पण बंदूक कोणाच्या घरात असावी याचा हिशेब फारसा बदलला नाही.

ब्रिटिश मुलखात १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना बंद हंगाम जाहीर करण्याचा अधिकार दिला. मुंबई राज्याने १९५१ साली आपला वेगळा कायदा केला. आणि ९ सप्टेंबर १९७२ रोजी आजच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९७२ हे साल मराठवाड्यात कशासाठी ओळखले जाते ते येथे सांगायला नको. खडी फोडणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना दिल्लीत हरणासाठी कायदा झाल्याचे त्या वर्षी कळण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. माणसाच्या संरक्षणाचा प्रश्न रस्त्यावर मांडावा लागत होता, एवढे नोंदवून पुढे जातो.

१९७२ चा मूळ कायदा शिकारबंदीचा कायदा होता असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांना बंदी होती. बाकीच्यांसाठी परवाने होते. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि प्राणी पकडणे, असे चार प्रकारचे परवाने त्यात लिहिलेले होते. राज्य सरकारने बंद हंगाम जाहीर करायचा, त्या काळात परवाना निकामी. माद्या आणि पिल्ले मारायची नाहीत, मखमली शिंगांचे हरीण मारायचे नाही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार नाही. मोटारीतून नाही, दिव्याच्या झोतात नाही, पाणवठ्यावर दबा धरून नाही. परवानाधारकाने काय मारले याची नोंद ठेवायची. आमच्या विद्यार्थ्याला जे नियम हवे होते ते हेच. फक्त ते तीसहून अधिक वर्षांपूर्वी संपलेले आहेत.

या जुन्या नियमांतली दोन कलमे वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावीत. एक असे की जाळे, फास, सापळा, खड्डा यांनी शिकार करायची नाही. अपवाद फक्त पकडण्याचा परवाना असणाऱ्याचा. दुसरे असे की मोठी शिकार रायफलीनेच करायची. छऱ्याची बंदूक वापरायची तर परवान्यात तशी खास नोंद हवी. शिकारी लोक याचे समर्थन असे करतात की फासात जनावर तडफडते, गोळीने झटक्यात मरते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. फास नर-मादी ओळखत नाही हेही खरे. पण या दोन कलमांचा एकत्र अर्थ काय झाला? ज्याच्याकडे रायफल आहे, म्हणजे ज्याला जमीन, पत आणि कलेक्टर कचेरीत ओळख आहे, त्याची शिकार कायदेशीर. ज्याच्याकडे जनावराच्या स्नायूची किंवा सुताची दोरी आणि बांबूच्या खुंट्या आहेत, तो गुन्हेगार. जनावर एकच, माळ एकच. एका वृद्ध फासेपारध्याने मला विचारले होते, "गुर्जी, बंदुकीला लायसन असतंय, मग फाशीला का नसतंय?" पकडण्याचा परवाना कागदावर होता हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "कागदावर तर आमचं घरबी हाय."

फासेपाऱध्यांचे कसब ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत आहे की ते नुसते दोरीचे काम नव्हे. शिकवलेली गाय पुढे घालून तिच्या आडोशाने तितराच्या थव्याकडे सरकायचे, वाऱ्याची दिशा पाहायची, कळपाची रोजची वाट ओळखून त्या वाटेवर फासांची रांग लावायची. प्राण्याच्या सवयींचे हे ज्ञान कोणत्याही वनरक्षकाच्या प्रशिक्षणात सापडणार नाही. त्या ज्ञानाचे वनखात्याने काय केले? जवळजवळ काहीच नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी या लोकांना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते कायदे गेले, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पोलीस पाटलाची नजर जुनीच राहिली. आज महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी ही नावे अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. तितर, लावा, ससा यांवर जगणाऱ्या घराला १९९१ नंतर त्या धंद्याचा कोणताही कायदेशीर मार्ग उरला नाही, आणि बदल्यात जमीन किंवा काम देण्याची तरतूद त्या दुरुस्तीत नव्हती.

आदिवासींना शिकारीची सूट आहे, असे पुष्कळ कार्यकर्तेसुद्धा सांगत फिरतात. हे घातक अज्ञान आहे. १९७२ च्या कायद्याच्या ६५ व्या कलमाने फक्त निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचे हक्क राखलेले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरागत हक्क मान्य केले, पण त्याच वाक्यात शिकारीचा, सापळा लावण्याचा आणि प्राण्याच्या शरीराचा भाग काढण्याचा हक्क स्पष्टपणे वगळला. तेव्हा वनहक्काचा दावा मंजूर झाला म्हणून ससा धरता येतो, असे कोणी सांगू नये. सांगणारा घरी राहतो, ऐकणारा आत जातो.

शिकार या शब्दाची कायद्यातील व्याख्याही फार रुंद आहे. मारणे तर आलेच. पकडणे, फास लावणे, हाकलून सापळ्याकडे नेणे, जखमी करणे, अंडी उचलणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे म्हणजे शिकारच. फास लावला आणि काही सापडले नाही, तरी गुन्हा. मांस शिजवताना सापडले, तर ते बेकायदा जवळ बाळगले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे आरोपीने सिद्ध करायचे. रस्त्यावर मोटारीखाली मेलेले हरीण उचलून आणणेही चालत नाही, कारण मेलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता असतो आणि अठ्ठेचाळीस तासांत कळवावे लागते. कोणाच्या घरी सांबरशिंग औषध म्हणून ठेवलेले असते. ते झडलेले असले तरी परवानगीवाचून बाळगता येत नाही. घोरपड आणि मोर हे पहिल्या अनुसूचीत आहेत, हेही तांड्यावर सांगितले पाहिजे.

पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. ही दंडाची रक्कम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वाढली. पूर्वी ती दहा हजार होती. इतर बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लहान गुन्ह्यात पैसे भरून तडजोड होऊ शकते, पण जेथे किमान शिक्षा ठरवलेली आहे तेथे, म्हणजे काळविटाच्या प्रकरणात, तडजोड नाही. "साहेबाला काही देऊन मिटवू" असे म्हणणारा मध्यस्थ दोन्हीकडून बुडवतो.

१९९८ साली राजस्थानात जोधपूरजवळ काळवीट मारल्याच्या प्रकरणात सलमान खान या नटाला ५ एप्रिल २०१८ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे निकालाला वीस वर्षे लागली, आणि जामीन दोन दिवसांत मिळाला. जामीन मिळण्याला माझा विरोध नाही. तो मिळायलाच हवा. माझे म्हणणे एवढेच की ज्याच्यासाठी कोर्टाच्या दारात कोणी वकील उभा नसतो, त्या पारध्याच्या पोराचे दोन दिवस किती महिन्यांचे होतात ते आपण मोजत नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. काळविटांचा कळप रात्रीतून सोयाबीनचे कोंब आणि हरभऱ्याचे शेंडे खुडून नेतो, आणि दोन एकरवाल्याचे वर्ष जाते. त्याचा राग खोटा नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्हेतूने प्राणी मारला तर तो गुन्हा नाही, असे कायदा म्हणतो. मात्र ही सवलत जिवापुरती आहे, पिकापुरती नाही. पीक खाणाऱ्या रोही-रानडुकराला मारायचे तर अर्ज करून वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तशी कार्यपद्धती ठरवून दिली. काळविटाला पीक खाल्ले म्हणून मारण्याची परवानगी कोणीही देऊ शकत नाही. बिहारमध्ये २०१५ साली रोही हा उपद्रवी प्राणी जाहीर झाला आणि २०१६ साली मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले. त्यासाठी बंदूकवाले शिकारी हैदराबादहून बोलावले होते. बंदुकीचा हंगाम असा मागच्या दाराने अजून उघडतो. फासाचा कधीच नाही.

कुंपणात वीज सोडणे हा तर सरळ खुनाचा उद्योग आहे. त्यात हरीण मरते तसा पहाटे परसाकडे गेलेला सालगडीही मरतो. अशा मृत्यूची वाटाघाट गावातल्या गावात होऊ देऊ नये.

नुकसानभरपाईची तरतूद आहे, आणि तेथेच खरी मेख आहे. पीक खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत वनकचेरीत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. पण अर्जाला सातबारा लागतो. बटईने कसणाऱ्याचे नाव सातबारावर नसते. गायरान कसणाऱ्याचे तर नसतेच. मराठवाड्यातल्या दलितांनी ज्या पड जमिनी घाम गाळून वहितीखाली आणल्या, त्या नियमित करण्यासंबंधी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे : १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे, असा त्याचा आशय. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी हरणाच्या शिकारीचे परवाने बंद झाले होते. हरणाला संरक्षण मिळाले ते लगेच लागू झाले. गायरानधारकांपैकी कितीतरी जण मात्र पावत्या, पंचनामे आणि दंडाच्या नोटिसा ट्रंकेत जपून अजून सातबाराची वाट पाहत आहेत. परिणामी एकाच कळपाने जमीनदाराचे आणि गायरानवाल्याचे पीक सारखेच खाल्ले तरी भरपाई एकालाच मिळते.

आणि हरीण तरी गायरानावर का येते? काळवीट हा गवताळ माळाचा प्राणी. माळ सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून लिहिला गेला. त्यावर कालवे, वसाहती, सौरप्रकल्प, रस्ते आले. उरलेल्यावर बड्यांची अतिक्रमणे आली, ज्यांना कोणी अतिक्रमण म्हणत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. बाकीची हरणे लोकांच्या शेतातच जगतात. गायरान कसणारा भूमिहीन आणि गायरानावर चरणारे हरीण यांचे भांडण लावून देणे सोयीचे असते, कारण मग दोघांची जमीन कोणी नेली हे विचारले जात नाही. तथागतांनी पहिले प्रवचन मृगदावात दिले. तेथे हरणेही होती आणि माणसेही.

शेवटी अटकेच्या वेळी काय करायचे ते सांगतो, कारण पुस्तकी माहितीपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. आरोपीला अटकेपासून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे; हा घटनेच्या २२ व्या अनुच्छेदातील हक्क आहे आणि वनखात्यालाही तो लागू आहे. जप्तीचा पंचनामा कोठे झाला, पंच कोण होते, काय जप्त झाले हे नातेवाइकांनी त्याच दिवशी लिहून ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंगठा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही हे आपल्या लोकांना ऐकून माहीत असते. पण वनाधिकारी हे पोलीस अधिकारी नव्हेत असे न्यायालये सहसा मानतात, आणि सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमक्ष नोंदवलेला जबाब पुढे पुरावा म्हणून वाचता येतो. म्हणून वाचून दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा देऊ नये. लवकर सुटका व्हावी म्हणून गुन्हा कबूल करण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नये : एकदा दोषी ठरलेल्या माणसाला पहिल्या अनुसूचीच्या पुढच्या प्रकरणात जामीन मिळणे कायद्यानेच अवघड करून ठेवलेले आहे. वकिलाची फी नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर द्यायचा. सोबत जातीचा दाखला जोडावा. पुष्कळ पारधी कुटुंबांकडे तो दाखलाच नसतो, म्हणून आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलांनी सध्या तांड्यावर दाखल्यांचे अर्ज भरण्याचे काम घेतले आहे.